परदेशातील पहिले चौदा दिवस

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अशी भाषणे ऐकली, आणि खरे सांगायचे तर कधी कधी त्यांत डुलक्याही घेतल्या, त्याच शाळेत आज मला बोलावयास उभे केले, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक आभारी आहे. चिटणीस साहेबांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो की, उच्च शिक्षणाचे महत्त्व सांगणारे माझ्यापेक्षा अधिकारी पुष्कळ आहेत. मला एका अगदी रुक्ष, कागदी विषयावर बोलू द्या. परदेशी पोहोचल्यावर तेथील सरकारच्या दप्तरी आपली रहिवासी म्हणून नोंद कशी करावी, हा तो विषय. ऐकावयास तो क्षुल्लक वाटेल. पण याच एका कागदापायी माझे सर्व शिक्षण पाण्यात जाण्याची वेळ आली होती. म्हणून तो अनुभव आणि त्यातून मिळालेली माहिती आपल्यापुढे ठेवतो.

परदेश हा शब्द आपल्या कोकणातील घरांना नवा नाही. १९७० नंतर आपल्या गावांतून किती माणसे आखातात गेली, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. माझे अब्बाही कुवेतला होते. तेथे कागदपत्रांची व्यवस्था कशी असते, हे येथे बसलेल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. माणसाला बोलावणारा कफील असतो. कंपनीचा मंदूब सरकारी कचेऱ्यांच्या फेऱ्या मारतो, इकामा करतो, बताका आणून हातावर ठेवतो. माणसाने फक्त सांगितलेल्या दिवशी अंगठा द्यायचा आणि फोटो काढून घ्यायचा. त्यात गैरसोयी होत्या, अन्यायही होता. पण कागद करणारा कोणीतरी दुसरा होता, एवढे खरे.

आता आपली मुले आणि मुलीही युरोपकडे निघाल्या आहेत. त्यातही जर्मनीकडे ओढा अधिक, कारण तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही किंवा नाममात्र आहे. पण जर्मनीत कफील नाही आणि मंदूबही नाही. विद्यापीठ प्रवेश देते, वकिलात व्हिसा देते, आणि विमानातून उतरल्यावर तुम्ही एकटे असता. तुमची नोंद तुमच्यावतीने कोणी करणार नाही. ती तुम्हीच, स्वतःच्या पायांनी जाऊन करायची. आपल्या घरांतून हा फरक अजून नीट समजावून सांगितला जात नाही, म्हणून तो मी आधी सांगितला.

आता प्रत्यक्ष पद्धत पाहू. जर्मनीत प्रत्येक माणसाला, मग तो जर्मन असो की परदेशी, आपल्या राहत्या पत्त्याची नोंद गावच्या नगरपालिकेच्या कचेरीत करावी लागते. या नोंदीला ते लोक आनमेल्डुंग म्हणतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून संपूर्ण देशासाठी नोंदणीचा एकच कायदा लागू आहे. त्याप्रमाणे घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंद करावयाची असते. न केल्यास १००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदीला बहुधा काही पैसे पडत नाहीत. पासपोर्ट, व्हिसा, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याने सही करून दिलेला ‘हा मनुष्य अमुक तारखेपासून माझ्या येथे राहतो’ असा दाखला, एवढे न्यावे लागते. यातील शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा आहे. नुसता भाडेकरार चालत नाही. हा दाखला वेगळा लागतो, आणि तो देणे हे घर देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

मोठ्या शहरांत कचेरीत जाण्यासाठी आधी तारीख घ्यावी लागते आणि ती लवकर मिळत नाही. म्हणून घर ठरताच तारीख मागावी, आणि मागितल्याचा पुरावा जपून ठेवावा. उशीर कचेरीच्या गर्दीमुळे झाला की आपल्या आळसामुळे, हे त्यावरून दाखवता येते.

आपण म्हणाल, एका पत्त्याच्या नोंदीचे एवढे काय? तर तेथील सर्व व्यवहार या एका खुंटीला टांगलेले आहेत. नोंद झाली की काही आठवड्यांनी केंद्रीय कर-खात्याकडून ११ आकडी क्रमांक टपालाने घरी येतो. तो जन्मभर एकच राहतो. तो नसेल तर नोकरीच्या पगारातून जादा कर कापला जाऊ शकतो. जाण्यापूर्वी विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चाची रक्कम एका बंद खात्यात ठेवावी लागते. २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिना ९९२ युरो. आईवडिलांनी जमीन गहाण ठेवून, दागिने मोडून ही रक्कम भरलेली असते. पण ती महिन्याच्या महिन्याला हातात पडण्यासाठी पुष्कळदा नोंदीचा दाखला मागतात. पुढे राहण्याचा परवाना देणारी परदेशी नागरिकांची कचेरीही पहिल्यांदा हाच दाखला पाहते. थोडक्यात, पैसे तुमचे, प्रवेश तुमचा, व्हिसा तुमचा. पण पत्ता दप्तरी नसेल तर सगळे अडून राहते.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मी एका विद्यापीठाच्या गावी पोहोचलो. येथून निघताना माझे सर्व लक्ष प्रवेश, विमा आणि तिकिटाकडे होते. खोली शेवटच्या आठवड्यात, फोनवरूनच ठरवली. देणारा मनुष्य गोड बोलला. एवढेच म्हणाला की, ‘आनमेल्डुंग होणार नाही.’ मला तो शब्द कळला नाही, आणि विचारण्याची लाज वाटली. मला वाटले, वीज किंवा इंटरनेटची काही सोय असेल, ती नसली तरी चालेल. गेल्यावर समजले की तो स्वतःच भाडेकरू होता आणि मूळ मालकाला न कळवता त्याने मला खोली दिली होती. दाखल्यावर सही केली असती तर त्याचे बिंग फुटले असते.

सात आठवडे मी असा राहिलो. वर्गात जात होतो, पण दप्तरी मी त्या गावात नव्हतोच. खात्यातले पैसे निघेनात. बरोबर नेलेले रोख पैसे संपत आले. ग्रंथालयात मदतनिसाचे काम मिळत होते, ते कागदांवाचून अडले. व्हिसा तीन महिन्यांचा होता, त्याचे दिवस एक एक करून कमी होत होते. घरी मी सर्व ठीक आहे असेच सांगत होतो. तुमच्यापैकी ज्यांची मुले बाहेर आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे: मुलगा फोनवर ‘सगळं ठीक आहे’ असे फार लवकर म्हणू लागला, तर पुन्हा एकदा विचारावे.

अशा वेळी वाट दाखवणारेही भेटतात. एकाने सुचवले की, ३०० युरो दे, माझ्या ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर तुझे नाव लावून देतो, राहा कुठेही. मी जवळजवळ तयार झालो होतो. पैसे मागावे म्हणून अब्बांना फोन केला आणि शेवटी सर्व हकीकत सांगावी लागली. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कुवेतची एक गोष्ट सांगितली. त्यांच्या ओळखीचा एक मनुष्य आझाद व्हिसावर होता. म्हणजे कागदावर एका कफीलाकडे आणि कामाला दुसरीकडे. काही वर्षे सुरळीत गेली. एके दिवशी रस्त्यात तपासणी झाली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्याला परत पाठवले. त्याची पेटीसुद्धा मागे राहिली. अब्बा म्हणाले, “कागद एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, असं झालं की माणूस कुठलाच राहत नाही. तू जिथे झोपतोस तिथेच तुझं नाव लिहिलं पाहिजे. पैसे मी पाठवतो, पण दुसऱ्या खोलीसाठी. या कामासाठी नाही.”

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या कचेरीत गेलो. जे पहिल्या आठवड्यात करायला हवे होते, ते सातव्या आठवड्यात केले. तेथील बाईंनी ऐकून घेतले, वसतिगृहांत विचारणा केली, आणि सत्राच्या मध्येच रिकामी झालेली एक खोली मला मिळाली. वसतिगृहाने दाखला लगेच दिला. तिसऱ्या दिवशी मी नोंदणी कचेरीत गेलो. समोरच्या बाईंनी विचारले, ‘ऑक्टोबरपासून कोठे होता?’ मी खरे ते सांगितले. त्यांनी चांगलीच कानउघाडणी केली, पण दंड केला नाही. केला असता तरी मला तक्रार करता आली नसती. व्हिसा संपण्यास नऊ दिवस राहिले असताना परवान्याचा अर्ज गेला.

खोट्या पत्त्याचे परिणाम काय होऊ शकतात, हे मला नंतर कळले. राहण्याचा इरादा नसताना कोणाला नोंदीसाठी आपला पत्ता देणे किंवा देऊ करणे, यासाठी कायद्यात ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. खोटी नोंद करून घेणाऱ्यालाही दंड होऊ शकतो, आणि परदेशी माणसाच्या बाबतीत ती गोष्ट पुढच्या प्रत्येक परवान्याच्या वेळी आडवी येऊ शकते. म्हणून विद्यार्थी मित्रहो, खोली ठरवताना भाडे किती, विद्यापीठ किती दूर, हे प्रश्न नंतर विचारा. पहिला प्रश्न असा विचारा: येथे नोंद होईल का, आणि तुम्ही दाखला द्याल का? उत्तर लेखी घ्या. ‘नाही’ म्हटले तर ती खोली फुकट मिळाली तरी घेऊ नका. करार हाती येण्यापूर्वी पैसे पाठवू नका. अनामत रक्कम तेथील कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा अधिक मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता काही गोष्टी पालकांनी येथेच, घरी बसून करण्यासारख्या आहेत.

पहिली नावाची. आपल्यात महंमद हे एकच नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. शाळेच्या दाखल्यावर एक, बोर्डाच्या प्रमाणपत्रावर दुसरे, आणि पासपोर्टवर एम आणि डी अशी नुसती दोन अक्षरे. कोणाच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच असतो. येथे ते खपून जाते. तेथे पासपोर्टवर जसे असेल तसेच नाव नोंदवहीत चढते आणि मग ते विमा, बँक, कर, विद्यापीठ असे सर्वत्र जाते. आणखी एक गंमत सांगतो. जर्मनीत पत्त्यात बहुधा खोलीचा क्रमांक लिहीत नाहीत. इमारतीच्या दाराशी पत्रपेट्या असतात, आणि पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचे आडनाव नसेल तर कर-क्रमांकाचे पत्र परत जाते. म्हणून खोलीत सामान ठेवल्याबरोबर पेटीवर नावाची चिठ्ठी लावा. आणि पासपोर्ट व प्रमाणपत्रे यांतील नावे जुळत नसतील तर राजपत्रात प्रसिद्धी देऊन किंवा शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करून ती दहावी-बारावीच्या सुमारासच जुळवून घ्या. व्हिसाच्या गडबडीत हे होत नाही.

दुसरी गोष्ट लग्नाची. पत्नी व मुलांना पुढे नेण्याचा विचार असेल, तर उर्दूतील निकाहनामा घरात जपून ठेवला एवढ्याने भागत नाही. विवाहाची नोंद आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून घ्या, मुलांचे जन्मदाखले काढा, आणि तिन्ही कागदांवरील नावे एकसारखी आहेत ना, ते पाहा. भाषांतर व पडताळणी कशी हवी, हे वकिलातीला विचारून मगच करा. नाहीतर खर्च दोनदा होतो.

तिसरी गोष्ट अनेक घरांत काळजीने विचारली जाते. नोंदीच्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तो पाहून आपल्या मुलांच्या मनात शंका येते की, येथे काय लिहावे, लिहिले तर अडचण होईल काय? यात घाबरण्यासारखे काही नाही. जर्मनीत कॅथलिक व प्रोटेस्टंट चर्च आणि इतर काही संस्था आपल्या सभासदांकडून सरकारी कर-खात्यामार्फत वर्गणी घेतात. ती आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असते. तो रकाना त्या वर्गणीसाठी आहे. वसईचा किंवा गोव्याचा आपला ख्रिस्ती मित्र तेथे कॅथलिक लिहील, तर नोकरी लागल्यावर त्याच्या पगारातून ती रक्कम कापली जाईल. अशा कर घेणाऱ्या संस्थेचे आपण सभासद नसल्यास तसे लिहावे किंवा कचेरीत विचारून रकाना रिकामा ठेवावा. तेथे हिशेब कराचा चालला आहे, तुमच्या इमानाचा नाही. त्यामुळे भीतीपोटी काही लपवल्याचे ओझेही मनावर घेऊ नये.

एवढी माहिती सरकारने का घ्यावी, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील, आणि तो योग्यच आहे. जर्मन लोकांनीही तो विचारला आहे. नाझी राजवटीत अशाच नोंदींचा उपयोग ज्यू लोकांना शोधून काढण्यासाठी झाला होता, हे ते विसरलेले नाहीत. १९८३ साली जनगणनेवरून तेथे मोठा विरोध झाला, आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी तेथील घटना-न्यायालयाने निकाल दिला की, आपल्याविषयीची माहिती कोणाला व कशासाठी द्यावी, हे ठरवण्याचा मूलभूत हक्क व्यक्तीला आहे. आपला पत्ता राजकीय पक्षांसारख्या काही ठिकाणी दिला जाऊ नये, असा अर्जही त्याच कचेरीत करता येतो. नोंद करणे हे कर्तव्य आहे, आणि नोंदीचा गैरवापर होऊ न देणे हा हक्क आहे. आपल्या मुलांना दोन्ही ठाऊक असावेत.

नोंदीनंतरचे काम परवान्याचे. व्हिसा संपण्यापूर्वी, शक्य तर सहा ते आठ आठवडे आधी, परदेशी नागरिकांच्या कचेरीत अर्ज करावा. मुदतीच्या आत अर्ज दिला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचे राहणे कायदेशीर मानले जाते आणि तसा तात्पुरता कागद मिळतो. एक दिवस जरी उशीर झाला तरी हे संरक्षण जाऊ शकते. पुढे बोटांचे ठसे घेऊन कार्ड देतात. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. १ मार्च २०२४ पूर्वी ही मर्यादा १२० व २४० होती. खोली बदलली की पुन्हा दोन आठवड्यांत नवी नोंद करून कार्डावरचा पत्ताही बदलून घ्यावा. देश सोडताना नोंद रद्द करावी. रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे, दर घरामागे महिना १८.३६ युरोंचे, पत्र नोंदीनंतर येते; ते फसवणूक समजून फेकू नये. एका घरात चौघे राहत असले तरी वर्गणी एकच असते, ती वाटून घेता येते. नोंद रद्द न करता निघून आलेल्यांना मागाहून अशी बिले येतात.

इतर देशांची रीत थोडी वेगळी आहे. चार महिन्यांहून अधिक राहावयाचे असेल तर नेदरलँड्समध्ये पाच दिवसांत नगरपालिकेत जावे लागते. इटलीत परवान्याचा अर्ज आठ कामकाजाच्या दिवसांत, पोस्टामार्फत द्यावा लागतो. फ्रान्समध्ये विद्यार्थ्याने आपला दीर्घ मुदतीचा व्हिसा तीन महिन्यांच्या आत संगणकावरून वैध करून घ्यावयाचा असतो. देश कोणताही असो, तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाची मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

हे सर्व परक्यांना छळण्यासाठी आहे असे मात्र समजू नका. आपल्या पुण्याला शिकावयास येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. तो इराणहून किंवा आफ्रिकेतून आलेला मुलगा पुण्यात खोली शोधत हिंडतो, आणि पुष्कळ घरमालक त्याला दार दाखवतात. परदेशात आपली मुले ज्या दारांवर उभी राहतात, तशी दारे आपल्याकडेही आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या खोल्या भाड्याने देण्यासारख्या आहेत, त्यांनी हा विचार जरूर करावा.

मित्रहो, जर्मनीशी आपला ज्ञानाचा संबंध जुना आहे. डॉ. झाकीर हुसेन बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९२६ साली परतले आणि त्यांनी जामिया मिल्लियाचा भार खांद्यावर घेतला. त्यांच्या ओळखीने गेर्डा फिलिप्सबॉर्न या जर्मन ज्यू बाई भारतात आल्या, जामियाच्या मुलांसाठी झिजल्या; आणि दुसऱ्या महायुद्धात केवळ जर्मन नागरिक म्हणून त्यांना येथे स्थानबद्ध करण्यात आले. १९४३ साली त्यांचे निधन झाले, आणि त्यांची कबर जामियाच्याच परिसरात आहे. कागद माणसाचे मोल सांगत नाही, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते. पण कागदावाचून माणसाचे काय होते, हे मी सात आठवडे भोगले आहे.

आपल्या आधीच्या पिढीने दुसऱ्याने केलेल्या कागदांवर घरे बांधली, तुम्हांला शिकवले. तुमच्या हाती तुमचे कागद स्वतः करण्याची संधी आली आहे. ते वेळेवर करा, खरे करा, आणि अडचण आली तर पहिल्या आठवड्यातच विचारा. विचारण्याची लाज मला सात आठवड्यांना पडली. ती तुम्हांला पडू नये, एवढ्यासाठीच आज आपला वेळ घेतला.

संस्थेच्या मुलामुलींना अल्लाह सुयश देवो.  खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.